वार्षिक अहवाल वाचायचा तो मागच्या पानांपासून

एखाद्या कंपनीचे शेअर घ्यायचा विचार आहे आणि तिचा वार्षिक अहवाल तीनशे पानांचा निघाला, म्हणून तो मिटून ठेवू नका. सगळी पानं वाचायची नसतात. कोणती वाचायची आणि कुठल्या क्रमाने, एवढं ठरवून घ्यावं लागतं. अध्यक्षांचं पत्र, रंगीत आलेख, कारखान्याचे फोटो हे सगळं कंपनीला स्वतःबद्दल सांगावंसं वाटतं म्हणून पुढे असतं. कायद्याने जे सांगणं भाग आहे, ते मागे बारीक अक्षरांत असतं. नवख्या गुंतवणूकदाराने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर ‘इन्व्हेस्टर्स’ विभागात मिळतो, शिवाय बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरही. पैसे पडत नाहीत. बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सभा सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा अहवाल येण्याचा मोसम. लागोपाठचे तीन अहवाल उतरवून घ्या. प्रत्येकात आदल्या वर्षाचे आकडेही छापलेले असतात, म्हणजे तीन अहवालांत चार वर्षं हाती येतात.

आकडे वाचण्याआधी ते कोटींत आहेत, लाखांत की दशलक्षांत, हे पानाच्या वरच्या कोपऱ्यात पाहा. कंसातला आकडा वजा समजायचा. हिशेब दोन प्रकारचे असतात: ‘स्टँडअलोन’ म्हणजे फक्त मूळ कंपनीचे आणि ‘कन्सॉलिडेटेड’ म्हणजे उपकंपन्या धरून. तुम्ही दुसरे घ्या. टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. त्यानंतर नुसते स्टँडअलोन आकडे पाहणाऱ्याला धंद्याचा मोठा भाग दिसलाच नसता.

आता लेखापरीक्षकांचा, म्हणजे ऑडिटरचा, अहवाल उघडा. त्यातला ‘ओपिनियन’ हा परिच्छेद आधी वाचा. हिशेब खरं आणि योग्य चित्र दाखवतात, असं सरळ म्हटलं असेल तर ठीक. ‘क्वालिफाइड’ शब्द दिसला तर ऑडिटरला काही बाब पटलेली नाही. ‘अ‍ॅडव्हर्स’ (हिशेब योग्य चित्र दाखवत नाहीत) किंवा ‘डिस्क्लेमर’ (मतच देता येत नाही) दिसलं तर नवख्याने त्या शेअरपासून लांबच राहावं. पुढे ‘की ऑडिट मॅटर्स’ येतात, म्हणजे तपासताना ऑडिटरला सर्वाधिक लक्ष घालावं लागलं अशा जागा. हे परिच्छेद चुकवू नका. कंपनीच्या हिशेबात अंदाजावर काय काय उभं आहे, ते इथे कळतं. मग ‘कारो’ची, म्हणजे ऑडिटरने काय काय नोंदवावं हे सांगणाऱ्या सरकारी आदेशाची, पुरवणी (ही पूर्ण स्वरूपात स्टँडअलोन हिशेबांच्या ऑडिट अहवालाला जोडलेली असते): कर्जफेडीत कसूर, भविष्यनिर्वाह निधी किंवा जीएसटी भरण्यातली थकबाकी यांची नोंद तिथे करावी लागते.

पण ऑडिटरचं निर्वेध मत पुरेसं नसतं, हे सत्यम कॉम्प्युटर्सने दाखवून दिलं. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. तोवर कंपनीचे हिशेब ऑडिटरच्या सहीनिशी बाहेर पडत होते. त्याआधी तीनच आठवडे, डिसेंबर २००८ मध्ये, राजू कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या सत्यमच्या पैशाने घेण्याचा घाट घातला गेला होता आणि भागधारकांनी ओरडा केल्यावर तो मागे घ्यावा लागला. म्हणून हिशेबांना जोडलेल्या टिपांमधली ‘रिलेटेड पार्टी’ ही टीप वाचायचीच. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्यांच्या, खासगी कंपन्यांना कर्ज, भाडं, आगाऊ रक्कम किती जाते, आणि दरवर्षी वाढते का, ते तिन्ही अहवालांत ताडून बघा.

त्यानंतर रोख प्रवाह पत्रक. माल विकला की पैसे यायच्या आधीच विक्री धरली जाते, त्यामुळे नफा दिसतो तेवढी रोकड आलेली असतेच असं नाही. ‘ऑपरेटिंग’ कामकाजातून, म्हणजे मुख्य धंद्यातून, आलेली रोख आणि निव्वळ नफा, दोन्ही चार वर्षांचे एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. रोख सातत्याने खूप कमी पडत असेल तर पैसा अडकलाय कुठे, हे शोधायला ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’च्या, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमांच्या, टिपेकडे जा. २०२१-२२ पासून तिथे येण्यांचं वय द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाच्या आतली, असं करत तीन वर्षांहून जुनी. जुन्या रकान्यातली रक्कम फुगत असेल, तर ते ग्राहक पैसे देतील का, असा प्रश्न पडायला हवा. (बँका आणि वित्त कंपन्यांना ही रोखीची कसोटी लागू पडत नाही, त्यांच्याकडे थकीत कर्जांचे आकडे बघावे.)

‘कंटिंजंट लायबिलिटीज’ ही टीप लोक हमखास सोडतात. कोर्टात अडकलेली करमागणी, दुसऱ्यासाठी दिलेली हमी, असं देणं जे अजून ताळेबंदात चढलेलं नाही, ते इथे असतं. दूरसंचार कंपन्यांचा सरकारशी, ज्यावर सरकारी शुल्क ठरतं त्या महसुलाच्या व्याख्येवरून वाद वर्षानुवर्षं चालला होता. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि व्होडाफोन आयडियाला एका तिमाहीत सुमारे ५०,९०० कोटींचा तोटा दाखवावा लागला. या टिपेतली रक्कम कंपनीच्या एकूण भांडवलाशी, म्हणजे ‘इक्विटी’शी ताडून पाहा. निम्म्याच्या आसपास असेल तर वाद कशाचा आहे ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यानंतर सोपे जातात. कर्ज वाढलंय का, विक्रीबरोबर नफाही वाढलाय का, नफ्यात जमीन विकून आलेले पैसे तर नाहीत ना, एवढं पाहिलं तरी पहिल्या वाचनाला पुरे.

अध्यक्षांचं पत्र आता वाचा, पण दोन वर्षांपूर्वीचं आधी. तेव्हा कुठला कारखाना सुरू होणार होता, कर्ज किती उतरवणार होते, ते कागदावर टिपा आणि या वर्षीच्या पत्रात त्याचं काय झालं ते शोधा. उल्लेखच गायब असेल, तर तोच तुमचा वार्षिक सभेतला प्रश्न. एक शेअर असला तरी तो विचारता येतो. अनेक सभा आता व्हिडिओवर होतात आणि बोलण्यासाठी नाव कसं नोंदवायचं, हे सभेच्या नोटिशीत दिलेलं असतं.