बंद पडलेली स्कूटर सुरू करायची? सेल्फ मारण्याआधी कार्बोरेटर उघडा

नाशिकमध्ये जिन्याखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असलेली एखादी स्कूटर हमखास दिसते. मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली, वडिलांनी गाडी चालवणं सोडलं, आणि दोन-तीन पावसाळे ती जागची हलली नाही. मग दसऱ्याला तिला पुसतात, झेंडूचा हार घालतात आणि लगेच सेल्फ मारतात. हे करू नका. सिलिंडर कोरडा असतो, टाकीत कुजलेलं पेट्रोल असतं, आणि प्रत्येक सेल्फबरोबर टाकीतला गंज आणखी आत ओढला जातो.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. पुढचं सगळं अशा कार्बोरेटरच्या गिअरलेस स्कूटरसाठी आहे, म्हणजे साधारण एप्रिल २०२० च्या आधीच्या. त्यानंतरच्या, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण नियमातल्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, त्यांना कार्बोरेटर नसतो. त्यांचं पेट्रोल, ऑइल आणि बॅटरी घरी बदला, बाकी काम स्कॅनर असलेल्या गॅरेजला द्या.

पहिलं काम पेट्रोल. जुनं पेट्रोल सगळं काढा. "वरून दोन लिटर नवीन टाक, मिसळून जळून जाईल" असं सांगणारा प्रत्येक गल्लीत भेटतो, त्याचं ऐकू नका. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं. ओलावा जास्त झाला की पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. काम उघड्यावर करा, आसपास निरांजन, उदबत्ती काही नको. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. टाकी रिकामी झाली की आत टॉर्च मारून पाहा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवून धुवावीच लागेल.

स्पार्क प्लग काढून त्या भोकातून अर्धा चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबा. फिरली तर उत्तम. अडकली तर जोर लावू नका, तिथून पुढे मेकॅनिकचं काम.

इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही बदला. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांना तो फार आवडतो, आणि वायरी कुरतडल्या असतील तर त्याही इथेच दिसतात. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, नवीन बसवायचा.

आता कार्बोरेटर. ही पायरी माझ्या हातात बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि बहुतेक गाड्या इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळसर चिकट थर उरतो. तो सगळ्यात आधी स्लो जेट, म्हणजे इंजिन सावकाश चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी, बुजवतो, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. याची खूण अगदी ठरलेली आहे: चोक ओढला की गाडी चालू होते, चोक सोडला की बंद पडते. अशा वेळी लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, आयडलिंगचा स्क्रू पिळत बसतात. पैसे जातात आणि गाडी तिथेच राहते. पेट्रोलमध्ये ओतायच्या क्लीनरच्या बाटलीनेही हे सुटत नाही. जेट पूर्ण बुजलाय, त्यातून काही जातच नाही, मग औषध पोचणार कुठून? कार्बोरेटर उतरवून उघडावाच लागतो.

वाटीचे स्क्रू मऊ असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर त्यांची डोकी गोल होतात आणि मग ड्रिल लावायची वेळ येते. एअर स्क्रू, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, काढण्याआधी तो हलकेच आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते कागदावर लिहून ठेवा. पुन्हा बसवताना तेवढेच फेरे बाहेर काढायचे. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारण्याआधी फ्लोट (वाटीतला तरंगणारा भाग), त्याची सुई, ओ-रिंग आणि वरचा रबरी पडदा बाजूला ठेवा. क्लीनरने रबर फुगतं, आणि फुगलेला पडदा परत बसत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो.

जेटमध्ये तार, टाचणी, सेफ्टी पिन काहीही घालू नका. जेट पितळेचा असतो. भोक केसभर जरी मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घ्या, मग उजेडासमोर धरा. पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधुक दिसला तर पुन्हा भिजवा. तीनदा भिजवूनही दिसत नसेल तर नवीन जेट घ्या, महाग नसतो. फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर तीही बदला, नाहीतर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत राहील.

सगळं जोडल्यावर दोन लिटर ताजं पेट्रोल टाका. बऱ्याच स्कूटरमध्ये पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल खाली येत नाही. म्हणून पहिल्या दहा-पंधरा किक वाया गेल्या तर घाबरू नका, वाटी भरते आहे. सेल्फ वापरलाच तर एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नको. आणि गाडीला धक्का मारत उतारावर पळू नका. गिअरलेस स्कूटरचा क्लच इंजिनच्या वेगावर पकडतो, बंद इंजिनला चाक फिरवूच शकत नाही.

चालू झाल्यावर थोडा निळसर-पांढरा धूर येईल, तो सिलिंडरमध्ये टाकलेल्या ऑइलचा.

ब्रेक दोन्ही तपासा. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. बाजूला भेगा असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, टायर बदला. पहिली फेरी घराजवळच्या गल्ल्यांत मारा, मुंबई-आग्रा महामार्गावर नाही.

अर्थात रस्त्यावर काढण्याआधी कागद पाहा. विमा आणि पीयूसी संपलेलेच असणार. नोंदणीला १५ वर्षं होऊन गेली असतील तर पेठ रोडच्या आरटीओत नूतनीकरण करावं लागतं आणि उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. तिची वेळ ऑनलाइन आधीच घेऊन ठेवा.