सुई, सीएफएल, फुगलेली बॅटरी: घरातला घातक कचरा सुरक्षितपणे कसा द्यावा

दिवाळीच्या आधी माळा उतरवला की अर्धा वाळलेला ऑइल पेंटचा डबा निघतो, गेलेल्या दोन ट्यूबलाइट निघतात, गळून हिरव्या पडलेल्या सेलांसकट जुना रिमोट निघतो आणि तारीख उलटून गेलेल्या गोळ्यांची एक पिशवी हमखास निघते. मग हे सगळं काळ्या पिशवीत भरून, गाठ मारून जिन्यात ठेवलं जातं. आपल्यापुरता विषय संपतो. पुढे ती पिशवी कुणीतरी हाताने उघडतं.

हे मला कळलं ते आईला इन्सुलिन सुरू झाल्यावर. पहिले काही महिने आम्ही सुया सुक्या कचऱ्यातच टाकत होतो. एका सकाळी मजल्यावरचा कचरा नेणाऱ्या मावशींच्या तळहातात पिशवीतून सुई घुसली. ती आमच्याच घरची होती. त्यानंतरच्या रक्ततपासण्या आणि अहवाल येईपर्यंतची त्यांची झोप उडालेली अवस्था आम्ही जवळून पाहिली. पुढे लिहिलेली पद्धत आमच्या घरात तेव्हापासून चालू आहे.

सुरुवात एका डब्याने करा

ओला आणि सुका यांच्या जोडीला तिसरा डबा हवा. 2016 च्या घनकचरा नियमांतही हा वर्ग वेगळा सांगितलेला होता: रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज. हा डबा झाकणाचा असावा. तो गॅसपासून, उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा. दीड खोलीच्या घरात जागा कुठून आणायची, असं वाटेल. कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा मावतो, आणि बहुतेक घरांना तो तीन-चार महिने पुरतो. सुया, द्रव रसायनं आणि फुगलेली बॅटरी मात्र त्यात टाकायची नाही. त्यांची सोय वेगळी.

सुया आणि सिरिंज

कपडे धुण्याच्या लिक्विडची किंवा फिनेलची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, सुई आरपार जाते. सुई टोचून झाली की तिथेच, त्याच क्षणी बाटलीत टाका. सिरिंजवर टोपण परत बसवायला जाऊ नका, अनेकांना सुई लागते ती तेव्हाच. इन्सुलिन पेनची सुई बाहेरचं मोठं टोपण लावून फिरवून काढा आणि टोपणासकट बाटलीत टाका. बाटली तीन-चतुर्थांश भरली की थांबा, झाकण घट्ट लावा, चिकटपट्टी गुंडाळा आणि जाड मार्करने मराठीत आणि हिंदीत ‘सुया’ असं लिहा.

घरात किंवा सोसायटीत कुणाला वापरलेली सुई लागलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. एचआयव्हीपासून बचावाचं औषध काही तासांत, आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ‘संध्याकाळी बघू’ असं म्हणायची ही वेळ नसते. कचरा उचलणाऱ्या मावशींना हे कुणी सांगत नाही, म्हणून त्यांच्यासोबत आपण जावं.

औषधं

संडासात ओतू नका, मोरीत तर नाहीच. मैलापाण्याची केंद्रं मैला आणि गाळ वेगळा करण्यासाठी बांधलेली असतात, विरघळलेली औषधं काढण्यासाठी नाही. अँटिबायोटिक असं पाण्यात जात राहिलं की तिथल्या जंतूंना त्याची सवय होते आणि तेच औषध पुढे माणसाला लागू पडेनासं होतं.

गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, पण स्ट्रिप मार्करने काळी करा किंवा कात्रीने छेद द्या. चांगल्या दिसणाऱ्या स्ट्रिपा कचऱ्यातून पुन्हा बाजारात जाऊ नयेत म्हणून ही काळजी. औषधाच्या चिठ्ठीवरचं नावही खोडा. आधी आपल्या केमिस्टला विचारा, काही दुकानदार मुदत संपलेली औषधं परत घेतात. आणखी एक सोय आहे: 2025 मध्ये मुंबई महानगरपालिकेने सोसायट्या, वसतिगृहं, ब्यूटी पार्लर यांच्याकडून सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा (यात मुदत संपलेली औषधंही येतात) वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली, त्यासाठी सोसायटीने नोंदणी करावी लागते. सेक्रेटरींना विचारा, केली नसेल तर पुढच्या सभेत विषय घ्या. यातलं काहीच जमलं नाही तर उरलेलं सिरप वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, बंद डब्यात घालून द्या, म्हणजे ते कुणी पिणार नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपरही असेच वेगळे, वर्तमानपत्रात गुंडाळून द्या आणि वर लाल ठिपका काढा. ही लाल ठिपक्याची युक्ती पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने रुजवली. खर्च शून्य, आणि पिशवी उघडायची गरजच उरत नाही.

सीएफएल, ट्यूबलाइट, थर्मामीटर

यांत पारा असतो. सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅमच, पण जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. दिवा शाबूत असेल तर नव्या दिव्याच्या खोक्यात घाला, ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. फोडून छोटी करू नका. जिन्यात उभी करून ठेवली तर पहिल्या धक्क्याला ती पडते.

फुटलाच तर असं करा. मुलं आणि मांजर आधी खोलीबाहेर. पंखा आणि एसी बंद, खिडकी उघडी, आणि पंधरा मिनिटं तुम्हीही बाहेर. मग हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपा आणि शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा घरभर उधळतो. थर्मामीटरचा पारा गोळ्या होऊन सुटा पळतो. अंधारात टॉर्च फरशीला लागून तिरका धरला की त्या चमकतात. कागदाने एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. लहानपणी आम्ही तो तळहातावर खेळवलेला आहे, आज मुलांना तसं करू देऊ नका. पारा साध्या तापमानालाही वाफ होऊन श्वासातून जातो.

बॅटऱ्या

मुंबईचा बराचसा कचरा कॉम्पॅक्टर गाडीत दाबला जातो. लिथियम बॅटरी अशी दाबली गेली की आतले थर एकमेकांना टेकतात आणि आग लागते. म्हणून मोबाइल, पॉवर बँक, इअरफोनची डबी, दाढीचं मशीन, मुलांची रिमोटची गाडी यांतलं काहीही साध्या कचऱ्यात नको. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि तिला महिनोनमहिने सांभाळू नका, त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. बटण सेल मुलांनी गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजतो, म्हणून तो काढल्या काढल्या पट्टीत गुंडाळा.

इन्व्हर्टरची किंवा स्कूटरची जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानदाराला परत द्या, तो किमतीतून पैसे वळते करतो. भंगारवाल्याकडे जास्त मिळतात म्हणून तिथे नेऊ नका. उघड्यावर ॲसिड ओतून शिसं वितळवलं जातं, आणि ते करणाऱ्यांच्या शेजारी बऱ्याचदा त्यांची मुलं बसलेली असतात.

रंग, थिनर, ॲसिड, कीटकनाशक

यातलं काहीही मोरीत, गटारात किंवा झाडाच्या कुंडीत ओतू नका. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांचं पाणी नाल्यांमधून खाडीत आणि समुद्रात जातं. उरलेला रंग शेजारच्या कुणाला खिडकीच्या ग्रिलला लावायला द्या, हा सर्वांत चांगला मार्ग. पाण्यात मिसळणारा थोडाच असेल तर उघड्या डब्यात भुसा किंवा माती घालून वाळवा. थिनर वाळवत बसू नका, त्याच्या वाफा पेट घेतात, बाटली घट्ट बंद ठेवूनच द्या. सगळ्यांत महत्त्वाचं, दोन बाटल्यांतलं उरलंसुरलं एकात ओतू नका. टाइल्सचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि मुंबईच्या छोट्या बाथरूममध्ये तो क्षणात भरतो. मच्छर मारायच्या स्प्रेचा डबा रिकामा वाटला तरी भोकं पाडू नका, शेकोटीत टाकू नका. कीटकनाशकाची बाटली धुऊन पाण्यासाठी कधीच वापरू नका.

देताना

वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात किंवा जवळच्या चौकीवर मुकादमांना विचारा की घातक कचरा आपल्या भागात कुठे आणि कधी घेतात. मुंबई पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवरही विचारता येतं. ई-कचऱ्यासाठी नोंदणीकृत संस्थाच निवडा. स्त्री मुक्ती संघटना कचरावेचक महिलांसोबत अनेक वर्षं काम करते, त्यांच्याकडेही चौकशी करता येईल. फोन देण्याआधी त्यातली माहिती पुसा आणि सिम काढा.

एकट्या घरासाठी कुणी गाडी पाठवणार नाही, पण चाळीस बिऱ्हाडांचा कचरा जमला तर येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी, वॉचमनच्या केबिनशेजारी टेबल मांडतो आणि यादी करतो. मावशींच्या हातात काही द्यायचं असेल तर पिशवी बांधून ठेवून जात नाही, आत काय आहे ते तोंडाने सांगतो: ‘मावशी, यात सुयांची बाटली आहे, वेगळी ठेवा.’ हातमोजे सोसायटीच्या खर्चातून येतात आणि फाटले की बदलले जातात. पावसाळ्यात हे टेबल जिन्याखाली मांडतो, कारण भिजलेला पुठ्ठा ट्यूबलाइट सांभाळत नाही.