फोनवर पाठवायची पत्रिका वेगळी करा

बेळगावच्या शहापुरात माझं जुळणीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडून देण्याचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांत आणि स्थळासाठीचे बायोडाटा मी एकवीस वर्षं जुळवते आहे, मराठीत आणि कानडीतही. कुणाच्या घरात किती माणसं आहेत, मामा कुठल्या गावचे, आजोबांच्या नावाआधी कै. लागलंय का, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे असं मी समजते. आणि एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे, तीही सांगायची आहे.

2023 च्या वैशाखात माझ्या भाच्याचं लग्न होतं. पत्रिका मीच जुळवली. निमंत्रक म्हणून भावोजींचं नाव आणि मोबाइल नंबर, खाली वडगावच्या घराचा पत्ता, मंगल कार्यालय, हळदीची वेळ, आणि तळाला दोन लहान पोरांची नावं घालून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ भाच्याच्या एका मित्रानं पत्रिकेचा फोटो फेसबुकवर टाकला, कुणालाही दिसेल असा. हळदीच्या दिवशी भावोजींना फोन आला. ‘काका, मी मंडपवाल्याकडनं बोलायलोय. जनरेटरचे साडेनऊ हजार आधी टाकायला सांगितलंय मालकानं.’ बोलणं आपल्याच बाजूचं. वर त्यानं धाकट्या नातवाचं नाव घेऊन विचारलं, ‘काय म्हणतोय, नवे कपडे घातले का?’ भावोजींचा संशय तिथंच मिटला. नातवाचं नाव माहीत असलेला माणूस परका कसा असेल? पैसे गेले. कळलं ते लग्नानंतर, मंडपवाला हिशेबाला आला तेव्हा. तोवर तीन दिवस उलटले होते आणि रक्कम हाती लागली नाही.

ते नाव पत्रिकेत मी घातलं होतं.

कागदाची पत्रिका चारशे घरांत जाते, पण ती कुणीतरी हातात नेऊन देतो, चहा घेतो, पुन्हा भेटतो. घेणारा कोण ते आपल्याला ठाऊक असतं. तिचाच फोटो फोनवरून निघाला की पाचव्या माणसानंतर तो कुणाकडे आहे हे देवालाच ठाऊक. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन पत्रिका करून देते आणि तुम्हीही तशाच मागा. तुमच्या जुळणीवाल्याला यात दहा मिनिटांचं काम आहे.

छापायच्या पत्रिकेत सगळं असू द्या. फोनवरच्या पत्रिकेत वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, तारीख, मुहूर्त आणि कार्यालय एवढंच ठेवा. घराचा पत्ता काढा, मोबाइल नंबर काढा, निमंत्रकांची लांब यादी काढा आणि लहान मुलांची नावं तर काढाच. आहेरासाठी क्यूआर कोड छापायची नवी पद्धत आली आहे. तो फोनच्या पत्रिकेवर नको, कारण त्या चौकोनावर दुसऱ्याच खात्याचा चौकोन चिकटवून तीच पत्रिका पुढं पाठवणं फार सोपं आहे. नंबर द्यायचाच तर ज्याला पाठवताय त्याला खाली वेगळा लिहा. ‘आमची पत्रिका पुढं पाठवू नका, ज्यांना बोलवायचं त्यांना आम्हीच पाठवतो’ एवढी ओळ सोबत टाकायला लाजू नका. पाहुणे रागवत नाहीत, मी पाहिलं आहे.

आता दुसऱ्या बाजूनं. तुमच्याकडे येणारी पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. ती कधीही ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली पत्रिका आली, ती ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी, उघडू नका. ते ॲप असतं, तुमचे मेसेज आणि त्यातले ओटीपी वाचतं, आणि तुमच्याच नावानं पुढच्या लोकांना तसलीच पत्रिका पाठवतं. चुकून दाबलं गेलंच तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ॲप काढणं वगैरे नंतर.

लग्नाच्या आठवड्यात स्टेटस टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि त्यात वाईट काही नाही, आनंद आहे. पण तुमचं व्हॉट्सॲपचं स्टेटस फक्त नातेवाईक बघतात असं समजू नका. ज्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे आहे ते सगळे बघतात: गॅसवाला, एकदा घरी आलेला फर्निचरवाला, जुना भाडेकरू. स्टेटसच्या गोपनीयतेत ठरावीक माणसांनाच दाखवायची सोय आहे. एकदा बसून तीसचाळीस माणसं निवडून ठेवा, पुढं तीच राहतात. ‘सगळे कार्यालयात पोचलो’, ‘सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालो’, ‘जोतिबाला जोडीनं’ असलं काही टाकायचं ते घरी येऊन दार उघडल्यावर. फोटो एक दिवस शिळा झाला म्हणून कमी गोड लागत नाही. दागिन्यांचा ताटासकट फोटो मात्र परत आल्यावरही नको.

मुलाबाळांचे फोटो टाकताना मागं काय दिसतंय ते बघा: शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, घराच्या दारावरची पाटी, गाडीचा नंबर. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असलं तर फोटो कुठं काढला ते फोटोतच साठतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती पुसली जाते, पण चांगला स्पष्ट जावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला तर ती तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंदच करून ठेवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बायोडाटाची. पत्रिकेचं काम महिन्याभरात संपतं, बायोडाटा वर्षानुवर्षं फिरतो. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, नाडी, देवक, वडिलांची नोकरी, भावाचा पगार, शेती किती एकर, मामकुळ, राहतं घर, दोन मोबाइल नंबर. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज अशा दहा वधूवर ग्रुपांवर तो पडतो आणि प्रत्येक ग्रुपात शेकडो अनोळखी माणसं. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला जन्मतारीख आणि आईचं नाव विचारतात. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. हे दोन्ही आपण स्वतःच छान फुलांच्या चौकटीत छापून वाटतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होऊन मूल झालं, तरी तिच्या जुन्या फोटोवर दुसऱ्याच नावाचं खातं चाललं होतं.

म्हणून पहिल्या फेरीचा बायोडाटा निम्मा ठेवा. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरीचं क्षेत्र, तालुका, अपेक्षा. पूर्ण जन्मतारीख आणि वेळ लागते ती गुणमेलनाला, आणि गुणमेलन लागतं बोलणं पुढं सरकल्यावर. तेव्हा समोरच्या घरातल्या मोठ्या माणसाशी बोलून द्या. शेती, पगार, घराचा पत्ता हेही तेव्हाच. मुलीचा नंबर नको, वडिलांचा किंवा काकांचा द्या, आणि जमलं तर बँकेला न जोडलेल्या सिमचा. फोटोवर फिकट अक्षरांत ‘फक्त विवाहासाठी’ आणि महिना लिहून घ्या. मी आणखी एक करते. प्रत्येक ग्रुपसाठी चौकटीतल्या एका फुलाचा रंग बदलते आणि वहीत लिहून ठेवते. बायोडाटा भलत्या ठिकाणी सापडला की तो कुठून गेला ते फुलावरून कळतं. लग्न ठरल्याच्या दिवशी पेढ्यांबरोबर हेही काम करा: प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून बायोडाटा काढायला सांगा. आपण पाठवलेला मेसेज सर्वांसाठी पुसायला आपल्याला साधारण दोनच दिवस मिळतात.

एवढं करूनही कुणी फसवलं, तर पैसे गेल्याचं कळताच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावा. आम्ही तीन दिवस घालवले. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत थांबवता येतात, पुढं अवघड होतं. आपल्याकडे नेहमीचा प्रश्न येतो: आम्ही कर्नाटकातल्या बेळगावचे, सोयरे महाराष्ट्रातल्या चंदगडचे, तक्रार कुणी आणि कुठं करायची? 1930 देशभर एकच आहे. शिवाय जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआर आहे, म्हणजे हद्द आमची नाही म्हणून कुठलंही पोलीस ठाणं दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारू शकत नाही. बेळगावात सायबर गुन्ह्यांचं सीईएन ठाणं आहे. जाताना फोन आलेला नंबर, व्यवहाराचा क्रमांक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट न्या. रागानं काही पुसून टाकू नका.

गेल्या मार्गशीर्षात भाचीचं लग्न झालं. भावोजी स्वतः दुकानात येऊन शेजारी बसले आणि फोनच्या पत्रिकेतली एकेक ओळ त्यांनीच काढायला लावली. तळाच्या ओळीशी थांबले. नावं गेली पाहिजेत, पण ओळ राहू दे म्हणाले. मग नुसतंच ठेवलं, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’