बुडीच्या आलेखातून शिकार कशी शोधायची

समुद्री प्राण्याच्या अंगावरच्या लॉगरची, म्हणजे ठरावीक वेळाने मोजमाप नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राची, फाइल पहिल्यांदा उघडली की सगळ्यांची एकच घाई होते. रेषा खाली गेली, तळाशी रेंगाळली, वर आली, म्हणजे प्राणी जेवून आला! जरा थांबा. लॉगरने मोजलाय तो फक्त पाण्याचा दाब. दर दहा मीटरला तो साधारण एक वातावरण इतका वाढतो, त्यावरून खोली काढलेली असते. खोलीपासून घासापर्यंत आपलं आपल्याला पोचायचं असतं. मी उदाहरण घेते कॅलिफोर्नियातल्या आन्यो नुएव्हो किनाऱ्यावरच्या एलिफंट सीलचं, कारण माझं रोजचं काम त्यांच्याच आकड्यांशी आहे.

या सीलच्या माद्या वर्षातून दोनदा उत्तर पॅसिफिकमध्ये चरायला जातात. विणीनंतर अडीचेक महिने, आणि अंगावरचे जुने केस गळून झाले की सात-आठ महिने. दोन्ही वेळा परत येतात त्या बहुधा त्याच किनाऱ्यावर, म्हणून लॉगर हाती लागतो. तो भूल देऊन, एपॉक्सीने केसांवर चिकटवलेला असतो. काढायचा राहिलाच तर पुढच्या केसगळतीत आपोआप पडतो. शक्य असेल तेव्हा असा परत मिळालेल्या लॉगरचाच डेटा निवडा. खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत, त्यामुळे उपग्रहाशी बोलणाऱ्या टॅगला प्राणी वर आल्यावर मिळतील तेवढ्या क्षणांत काम उरकावं लागतं. आर्गोस उपग्रहांच्या नेहमीच्या संदेशात जेमतेम तीसेक बाइट मावतात. मग टॅग अख्ख्या बुडीचे चार-पाच बिंदू तेवढे पाठवतो. नकाशाला ते पुरतं, शिकार शोधायला नाही.

फाइल आली की आधी घड्याळ तपासा. लॉगरची वेळ जवळजवळ नेहमीच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपला संगणक भारतीय वेळेवर चालतो आणि काही सॉफ्टवेअर न विचारता ती वेळ लावून मोकळी होतात. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे, म्हणजे तिथली मध्यरात्र तुमच्या आलेखात भरदुपारी पडणार. गंमत अशी की आलेख तरीही छान दिसतो! या माद्या दिवसा खोल आणि रात्री उथळ बुड्या मारतात, कारण त्या खातात ते कंदीलमासे अंधार पडला की वर सरकतात. घड्याळ चुकलं की हेच उलटं दिसतं आणि कुणीतरी उत्साहाने ‘नवा शोध’ म्हणून लिहून आणतं. मादी पॅसिफिकच्या मध्यापर्यंत जाते, तेव्हा कॅलिफोर्नियाची वेळही कामाची नाही. त्या दिवशी ती जिथे होती तिथल्या रेखांशावरून सूर्य क्षितिजाच्या वर होता की खाली, ते काढा. आणि मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. तारीख आणि महिना यांची अदलाबदल तिथेच होते.

मग शून्य जागेवर आणा. दाबाचा सेन्सर तापमानाने आणि काळाने सरकतो. सील वर श्वास घेत असताना आलेख तिला तीन मीटर खाली दाखवतो, कधी चक्क पाण्याच्या दोन मीटर वर उडवतो. दर काही तासांच्या खिडकीतली पृष्ठभागाची पातळी शोधून तेवढा फरक वजा करायचा. आर या संगणकीय भाषेतलं डाइव्हमूव्ह हे पॅकेज हे काम करतं, सोबत सरावाची नोंदही देतं. ते विनामूल्य आहे. पण यंत्रावर सोपवून चहाला जाऊ नका. आठवड्यातून एक दिवस निवडून दुरुस्त रेषा डोळ्यांनी बघा.

बुडी कशाला म्हणायचं ते त्यानंतर ठरवा. एलिफंट सीलसाठी पंधराएक मीटरच्या वरचं हिंडणं सोडून देतात. पेंग्विनला हाच उंबरठा लावलात तर त्याच्या कितीतरी खऱ्या बुड्या गळून जातील, तेव्हा दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा उचलू नका. खोली किती सेकंदांनी नोंदली होती तेही बघा. बुडीच्या कालावधीच्या दहाव्या हिश्शापेक्षा हे अंतर मोठं असेल तर बुडीच्या आकाराबद्दल बोलूच नये.

आता एक नमुनेदार बुडी जवळून पाहू. मादी सहा मिनिटांत पाचशे मीटरच्या आसपास उतरते, तळाच्या टप्प्यात दहाएक मिनिटं काढते, तेवढ्याच वेगाने वर येते, दोन-तीन मिनिटं श्वास घेते आणि पुन्हा खाली. महिनोन्‌महिने हेच, दिवसरात्र. तळाचा टप्पा म्हणजे सर्वांत खोल बिंदूच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त खोलीवरचा भाग, असं ढोबळपणे धरतात. तिथे रेषेला दात असतात: वीस मीटर वर, पंधरा खाली, पुन्हा वर. हे दात मोजून ‘इतके मासे खाल्ले’ असं लिहिणारे पूर्वी पुष्कळ होते, अजूनही आहेत. हर्णैला माझे काका बोटीवर तांडेल होते. फिशफाइंडरवर मासळी बघून खलाशी नाचायला लागले की म्हणायचे, ‘पडद्यावरची मासळी पाटीत पडत नाय रे!’ दातांचं नेमकं तेच आहे. ते मागे लागल्याचे पुरावे असतील, पकडल्याचे नव्हेत.

पकडल्याच्या जवळ जायचं तर जबड्याकडे जावं लागतं. यासुहिको नाइतो आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याला लावायचा छोटा प्रवेगमापक, म्हणजे हालचालीतले झटके मोजणारा सेन्सर, या सीलवर वापरला. तोंड झपकन उघडलं-मिटलं की आलेखात टोकदार झटका येतो. तुमच्याकडे असा डेटा असेल तर आधी गुरुत्वाकर्षणाचा संथ भाग गाळून वेगळा काढा. त्यातून शरीराचा कल कळतो. उरतो तो हालचालीचा भाग. त्यात मागच्या परांच्या फटकाऱ्यांची लय सलग आणि संथ असते, घासाचे झटके आखूड आणि अवेळी. झटक्याची मर्यादा अंदाजाने ठरवू नका. ज्या थोड्या प्राण्यांवर कॅमेरा आणि प्रवेगमापक दोन्ही होते, त्यांच्यावर ती पारखून घ्या. सेकंदाला वीस वेळा तीन अक्षांवर मोजलं तर दिवसाला दहा एमबी होतात. लॅपटॉपला ते काहीच नाही, पण लॉगरच्या बॅटरीला फार. म्हणून जबड्याची नोंद सहसा प्रवासाच्या काही भागाचीच मिळते.

याच पद्धतीने ताइकी अडाची यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की या माद्या दिवसातले वीसहून जास्त तास लहानलहान मासे टिपण्यात घालवतात, दिवसाला हजार-दोन हजार प्रयत्न. एवढं मोठं धूड आणि घास बोटाएवढा, म्हणून उसंतच नाही.

जबड्याचा सेन्सर नसेल तर? मला सर्वांत आवडणारी युक्ती इथे आहे. काही बुड्यांत मादी थोडी उतरते, पोहणं थांबवते आणि नुसती तरंगत, गिरक्या घेत बुडत राहते. आलेखात उतार एकदम मंदावतो आणि रेषा पट्टीने ओढल्यासारखी सरळ होते, दातबित काही नाही. या वाहत्या बुड्या वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचा बुडण्याचा वेग मांडा. चरबी पाण्यापेक्षा हलकी, मांस जड. किनाऱ्यावरून उपाशी निघालेली मादी झपाट्याने बुडते. आठवड्यांमागून आठवडे पोट भरत गेलं की हा वेग कमी होतो, आणि लांबच्या प्रवासात काही माद्या शेवटी वरच्या दिशेने तरंगू लागतात. म्हणजे एका घासाची खात्री नाही, पण महिन्याचा जमाखर्च चोख मिळतो. फक्त या बुड्या शिकारीत मोजू नका. जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मेंदूतल्या विद्युत्‌लहरी नोंदवून दाखवलं की सील अशाच बुड्यांत झोपतात, समुद्रात असताना दिवसाला सुमारे दोनच तास.

कोकणातल्या कासवांचं काम करू पाहणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. २०२३ मध्ये गुहागरहून टॅग लावून सोडलेली ऑलिव्ह रिडले बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. नकाशा सगळ्यांनी पाहिला, पण तिने वाटेत काय खाल्लं ते त्या ठिपक्यांत नाही. खोली मोजणारा टॅग लावला तरी कासव समुद्रतळाशी विश्रांती घेत पडलं असेल तर रेषा सपाट तळाचीच येते आणि खेकडे शोधत असेल तरी तशीच. सीलचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नका. टॅग स्वतः लावायचा विचार असेल तर आधी परवानगी. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

अहवालाच्या तक्त्यात रकाने वेगळे ठेवा: तळाचा टप्पा असलेल्या बुड्या, दात असलेल्या बुड्या, जबड्याचे झटके, वाहत्या बुड्यांचा वेग. झटक्यांच्या रकान्याला नाव द्या ‘शिकारीचे प्रयत्न’. ‘शिकार’ हा रकाना कॅमेऱ्यात मासा दिसल्याशिवाय उघडू नका.