पाहुण्यांसाठी घरच्या घरी चॉकलेट फॉन्ड्यू

फॉन्ड्यू म्हणजे वितळवलेल्या गरम मिश्रणात लांब काट्याने तुकडे बुडवून खायचा पदार्थ. तो मूळचा स्वित्झर्लंडचा, पण तिथला चीजचा. चॉकलेटचा प्रकार १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुढे आला, कोनराड एग्ली या स्विस गृहस्थांच्या रेस्टॉरंटमध्ये. फळं सुकवायचा वेळ सोडला तर करायला पाव तास पुरतो. बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: पाण्याचा थेंब आणि जास्तीची आच.

सहा जणांसाठी ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, २०० मिली फ्रेश क्रीम, एक चमचा बिनमिठाचं बटर आणि चिमूटभर मीठ घ्या. चॉकलेट घेताना पाकिटामागची घटकांची यादी जरूर वाचा. त्यात कोको बटर हवं. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या स्लॅबमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. स्लॅब स्वस्त पडतो, पण टाळूला मेणचट थर बसतो. पाहुण्यांसाठी करतोय तर इथे काटकसर नको. चॉको चिप्सही टाळा. ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून त्या बनवतात, त्यामुळे फॉन्ड्यू घट्ट होतो. मिल्क चॉकलेट वापरणार असाल तर क्रीम १५० मिलीच घ्या.

आता फळं. सगळी मेहनत खरं तर इथेच आहे. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते, तिच्यासारखी जोडी दुसरी नाही. ती देठासकट धुवा. देठ आधी काढलात तर पाणी आत शिरतं आणि कितीही पुसलं तरी पाझरत राहतं. धुतल्यावर सुती कापडावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मगच देठ काढा. अननसाचे तुकडेही टिपून घ्या. केळं मात्र अगदी शेवटी कापा, काळं पडतं. जोडीला स्पंज केकचे चौकोनी तुकडे, खारी, नानकटाई, सुके अंजीर ठेवा. मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असतं. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकीट तपासा, केकही बिनअंड्याचा आणा.

चॉकलेट सुरीने बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्या. क्रीम मंद आचेवर तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच उतरवा, उकळी येऊ देऊ नका. ते चॉकलेटवर ओता, झाकण ठेवा आणि दोन मिनिटं अजिबात हात लावू नका. मग मधोमध छोटे गोल फिरवत ढवळायला लागा. आधी मिश्रण फाटल्यासारखं, ठिपक्याठिपक्यांचं दिसेल. घाबरू नका, ढवळत राहा. मधला भाग चकचकीत होतो आणि ती चकाकी हळूहळू कडेपर्यंत पोचते. शेवटी बटर आणि मीठ. चमच्याच्या पाठीवर दाट थर बसला की झालं. फार घट्ट वाटलं तर चमचाभर कोमट दूध घाला.

वितळत्या चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं तर ते एकदम गोळा होऊन रवाळ दिसतं. कारण साखर आणि कोकोचे कोरडे कण तेवढ्याशा ओलाव्याने एकमेकांना चिकटतात. उपाय उलटा वाटेल, पण गरम दूध चमचा चमचा घालत जोरात फेटलं की ते पुन्हा सैल होतं. तेल सुटलं असेल तर आच जास्त झाली आहे. भांडं उतरवा आणि थोडं कोमट दूध घालून फेटा. करपलं असेल तर मात्र टाकून द्या, वास जात नाही.

खाताना फॉन्ड्यू गरम राहायला हवा. त्यासाठी मिळणारा फॉन्ड्यूचा सेट, म्हणजे खाली मेणबत्ती ठेवायची सोय असलेलं भांडं, नसला तरी चालतं. पसरट पातेल्यात कडकडीत पाणी घ्या, त्यात चिनी मातीचा जाड बाऊल ठेवा आणि पाणी अधूनमधून बदला. सेट असेल तर खाली एकच छोटी मेणबत्ती पुरते; लहान मुलं असतील तर गरम पाण्याचीच पद्धत बरी.

आपल्याकडे उष्ट्याचा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. लांब काटा फक्त बुडवायला ठेवा. तुकडा आपल्या बशीत काढून दुसऱ्या काट्याने खायचा. हे सुरुवातीलाच सांगितलं की कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना सरळ वेगळ्या वाटीत वाढा.

ज्यात कुणी काही बुडवलेलं नाही असा फॉन्ड्यू उरला तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकतो. पेलाभर गरम दुधात दोन मोठे चमचे फेटले की छान हॉट चॉकलेट होतं.