छोटी मॉड्यूलं एकाच डेबियन पॅकेजात कशी बांधावीत

नोड-जेएसच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या वातावरणाच्या) जगात दहा-वीस ओळींचं मॉड्यूलही, म्हणजे कोडचा पुन्हा वापरता येणारा तुकडाही, स्वतंत्रपणे प्रकाशित होतं. प्रत्येकाचं डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी वेगळं पॅकेज केलं, तर कोडपेक्षा त्याभोवतीची माहितीच मोठी होते. शिवाय पॅकेजांची यादी फुगते आणि ती सगळ्यांनाच उतरवून घ्यावी लागते.

आधी निवड करा. मॉड्यूल फक्त तुमच्याच प्रोग्रामला लागतं की इतरही पॅकेजांना? पुष्कळांना लागत असेल तर ते वेगळंच बरं. डेबियनमध्ये ते आधीपासून आहे का, हेही शोधा. एकाच कोडच्या दोन प्रती असल्या की सुरक्षेची दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि दुसरी बहुतेक वेळा राहून जाते.

आता सोर्स, म्हणजे मूळ कोड. सगळं एका टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) कोंबू नका. '३.० क्विल्ट' या डेबियनच्या सोर्स फॉरमॅटमध्ये मुख्य टारबॉलच्या जोडीला प्रत्येक कंपोनंटचा, म्हणजे सोबत बांधलेल्या छोट्या मॉड्यूलचा, वेगळा टारबॉल देता येतो. त्याच्या नावात 'ओरिग'नंतर हायफन आणि मग कंपोनंटचं नाव येतं. तो त्याच नावाच्या फोल्डरमध्ये उलगडतो. मुख्य सोर्समध्ये त्या नावाचं फोल्डर असेल तर ते सरळ पुसलं जाऊन त्या जागी नवं येतं, तेव्हा नाव जपून निवडा.

मूळ कोडची नवी आवृत्ती कुठे शोधायची हे सांगणाऱ्या वॉच फाइलमध्ये प्रत्येक कंपोनंटची स्वतंत्र नोंद करा. खरी डोकेदुखी आवृत्तीच्या क्रमांकाची. 'ग्रुप' पर्याय दिला की ती फाइल वाचणारं यूस्कॅन हे साधन क्रमांक एकामागे एक जोडतं: मुख्य १.२.० आणि कंपोनंट ०.४.१ असेल तर १.२.०+~०.४.१. दोन कंपोनंटपर्यंत हे छान दिसतं, दहा झाले की क्रमांक वाचता येत नाही. तिथे 'चेकसम' वापरा. त्यात कंपोनंटच्या आवृत्त्यांची बेरीज 'सीएस' अक्षरांपुढे येते. कुठल्या कंपोनंटची कोणती आवृत्ती हे मग क्रमांकावरून कळत नाही, पण ती किंमत मला परवडते.

बिल्डसाठी, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करण्यासाठी, डीएच-नोडजेएस हे साधन आहे. ते कंपोनंट आपणहून योग्य जागी बसवतं. पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमधल्या 'प्रोव्हाइड्स'मध्ये त्याचं व्हेरिएबल टाकलं की आतली मॉड्यूलंही आपापल्या नावाने सापडतात. एखादं मॉड्यूल पूर्वी वेगळं पॅकेज असेल, तर जुन्या आवृत्तीसाठी त्याच फाइलमध्ये 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' लिहायला विसरू नका, नाहीतर अपग्रेड करताना फाइलींची टक्कर होते.

कॉपीराइट फाइलचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. प्रत्येक कंपोनंटच्या फोल्डरसाठी लेखक आणि लायसन्स स्वतंत्रपणे नोंदवा. छोट्या मॉड्यूलांच्या टारबॉलमध्ये कधीकधी लायसन्सचा मजकूरच नसतो, मॉड्यूलची माहिती देणाऱ्या पॅकेज-जेसन फाइलमध्ये नुसतं 'एमआयटी' हे लायसन्सचं नाव असतं. अशा वेळी मूळ लेखकाला लायसन्सची फाइल घालायला सांगा.

शेवटी एसबिल्ड या साधनाने कोऱ्या वातावरणात बिल्ड करा, पॅकेज इन्स्टॉल करा आणि आतलं प्रत्येक मॉड्यूल त्याच्या मूळ नावाने 'रिक्वायर' करून (कोडमध्ये बोलावून) पाहा. मुख्य मॉड्यूल चाललं म्हणजे बाकीचीही चालतील असं नाही. प्रत्येकाच्या चाचण्या वेगळ्या चालवाव्या लागतात.