प्रोफाइलमध्ये स्वतःबद्दल खरं कसं लिहावं

बायोच्या रिकाम्या चौकटीत थेट लिहायला बसू नका. कर्सर लुकलुकायला लागला की हात आपसूक 'उत्साही, मनमिळाऊ, सतत शिकत राहणारी व्यक्ती' असं काहीतरी टाइप करून मोकळा होतो. यात खोटं काही नसेलही, पण ते कुणालाही लागू पडतं. शिवाय आपण मनमिळाऊ आहोत की नाही, हे सांगायचं ते इतरांनी.

आधी कागद घ्या. गेल्या 30 दिवसांत कुणी न सांगता, आपल्या मर्जीने केलेल्या 10 गोष्टी क्रियापदासकट लिहून काढा. लिहिताना फोनमधले फोटो, कॅलेंडर आणि स्क्रीन टाइम समोर असू द्या, कारण नुसत्या आठवणीवर विसंबलं तर सोयीचं तेवढंच आठवतं. बहुतेकांना पहिली ठेच इथेच लागते: 'वाचनाची आवड' लिहायची असते आणि यादीत एकही पुस्तक नसतं. ही लबाडी नव्हे, आपल्याला जसं व्हायचंय ते आपण आजच्या खात्यावर मांडतो, एवढंच. अशा वेळी वाक्याचा काळ बदलावा. 'पूर्वी खूप वाचायचे, आता महिन्याला जेमतेम एक पुस्तक होतं' हे खरंही आहे आणि त्यावरून गप्पाही सुरू होतात.

मग यादीतल्या एका ओळीवर काम करा. 'फोटोग्राफीप्रेमी' खोडून 'रविवारी सकाळी पक्ष्यांचे फोटो काढतो, दहातले आठ हललेले येतात' असं लिहिलं की माणूस दिसायला लागतो. पण ते आठ खरोखर हललेले हवेत. उत्तम जमत असताना 'आपलं जमेल तसं' म्हणणं हाही खोटेपणाच, फक्त नम्रतेचा सदरा घातलेला.

काही बाबतींत स्वतःचं मत धरूच नका. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझिरे यांच्या 2010 च्या अभ्यासात असं दिसलं, की आपली अस्वस्थता, काळजी आपल्याला जास्त नीट कळते, पण बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता यांबद्दल मित्रांचा अंदाज अधिक अचूक ठरतो. म्हणून एका जवळच्या आणि एका कामावरच्या माणसाला विचारा. 'मी कसा आहे?' असं विचारलंत तर भिडेखातर गोड उत्तर येईल. त्यापेक्षा 'तिऱ्हाइताला माझी ओळख एका वाक्यात कशी करून द्याल?' असं विचारा.

आता अक्षरमर्यादा. इन्स्टाग्रामवर 150 अक्षरं, एक्सवर 160, लिंक्डइनच्या परिचयात 2600. मराठीत ही जागा आणखी लवकर संपते, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: 'क्षितिज' डोळ्यांना तीन अक्षरांचं, मोजणीत सात. जागा कमी पडली की पहिली कात्री 'सध्या', 'थोडंफार', 'टीमसोबत' या शब्दांवर चालते, आणि नेमका तिथेच खरेपणा गळतो. 'टीमसोबत अ‍ॅप बनवलं' मधला पहिला शब्द गेला की सगळं श्रेय एकट्याचं होतं. कापायचीच असतील तर विशेषणं कापा.

सगळंच सांगायला हवं असं नाही. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, मुलांची शाळा खुशाल वगळा. पण ज्या माहितीवर समोरचा निर्णय घेणार आहे, ती झाकू नका: नोकरीसाठी अनुभवाची वर्षं, डेटिंगसाठी वय, उंची, वैवाहिक स्थिती, मुलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 80 जणांचं उंची-वजन प्रत्यक्ष मोजून प्रोफाइलशी ताडलं, तेव्हा बहुतेकांनी कुठे ना कुठे फेरफार केलेला निघाला, पण तो बहुधा किरकोळ. डोळ्यांवर येणार नाही एवढंच माणूस वाढवतो. तुमची उंची आठवणीतून लिहू नका, भिंतीला टेकून मोजा.

शेवटी मजकूर मोठ्याने वाचा. प्रत्यक्ष भेटीत जे वाक्य तोंडातून निघणार नाही, ते काढून टाका. आणि फोनमध्ये सहा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावा, कारण 'सध्या गिटार शिकतोय' हे तोपर्यंत खरं राहिलेलं असेलच असं नाही.